लाँग कोविडमध्ये रक्ताचं आणि प्लेटलेट्सचं काय बिनसतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सातारा जिल्ह्यात एक लहानशी लॅब चालवते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत डी-डायमर, सीआरपी, फेरिटिन हे शब्द आमच्याकडे घराघरांत पोचले. लाट ओसरून वर्षं झाली, तरी फाइल काखेत धरून येणारी माणसं थांबलेली नाहीत. कुणाला दोन जिने चढवत नाहीत, कुणाला बोलता बोलता शब्द सापडत नाहीत, कुणी दिवसभर काम केलं की पुढचे तीन दिवस अंथरुणात. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, रक्तात गुठळ्या झाल्यात का?"

या सगळ्यांना मी दोन गोष्टी सांगते आणि दोन्ही सारख्याच कळकळीने सांगते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. आणि त्रास खरा आहे म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही.

लाँग कोविड नक्की कशाला म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये व्याख्या ठरवून दिली. कोविड होऊन साधारण तीन महिने उलटल्यावरही लक्षणं असणं, ती किमान दोन महिने टिकलेली असणं आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्यांचा उलगडा न होणं. थकवा, धाप आणि विचार-स्मरणशक्ती मंदावणं ही मुख्य लक्षणं. छातीत धडधड, उभं राहिल्यावर चक्कर, झोप न लागणं, अंगदुखी हेही असतं. पहिला आजार घरच्या घरी बरा झालेल्यांनाही लाँग कोविड होतो.

कोविड तर फुफ्फुसाचा आजार. त्यात रक्त कुठून आलं?

विषाणू नाकातून शिरतो, पण मोठं नुकसान रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं होतं. हे अस्तर एका पेशीइतकंच जाड असतं. धडधाकट असेल तेव्हा ते रक्ताला वाहतं ठेवतं, प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. त्याला सूज आली की त्यातून व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं चिकट प्रथिन बाहेर पडतं, प्लेटलेट्स त्याला धरतात, आणि वरून फायब्रिनचे धागे विणले जातात. हीच गुठळी.

तीव्र आजारात हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. ताप उतरलेला, ऑक्सिजन बरा, उद्या घरी सोडणार म्हटलेला माणूस अचानक जायचा. धोका घरी सोडल्यावरही लगेच संपत नव्हता. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त कोविडबाधितांची नोंद तपासून २०२२ साली निष्कर्ष आला की पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा वाढलेला धोका तीन महिने राहतो, तर फुफ्फुसात गुठळी जाण्याचा सहा महिने. ज्यांचा आजार गंभीर होता त्यांना जास्त, पण सौम्य आजाराचे लोकही पूर्ण सुटले नव्हते.

लाँग कोविडमध्ये प्रश्न थोडा वेगळा होतो. मोठी गुठळी सापडत नाही, सोनोग्राफी चांगली, सीटी स्कॅन चांगला, मग ही अस्तराची सूज आतल्या आत धुमसत राहते का? डब्लिनच्या संशोधकांनी २०२१मध्ये बरे झालेल्या ५० जणांचं रक्त तपासलं. सरासरी दोन महिने उलटून गेले होते, तरी व्हॉन विलब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ (गोठायला मदत करणारं आणखी एक प्रथिन) चढेच होते. ज्यांना चालवत कमी होतं त्यांच्यात ते अधिक चढे. अस्तर अजून सावरलेलं नाही, याचा मला यात बऱ्यापैकी भक्कम पुरावा दिसतो.

मायक्रोक्लॉट म्हणजे काय?

दूध विरजलं की दही लागतं, आणि दूध नासलं की चोथा होतो. दूध तेच, प्रथिनं तीच, पण घडण वेगळी. रक्तातलं फायब्रिनोजेनही असंच आहे. जखम झाली की त्याचं फायब्रिन होतं, नीट जाळं विणलं जातं, आणि काम झालं की प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम ते जाळं कातरून टाकतं. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या रेसिया प्रिटोरियस आणि लिव्हरपूलचे डग्लस केल यांचं म्हणणं असं की लाँग कोविडमध्ये काही फायब्रिनोजेन चुकीच्या घडीने गोठतं, अमायलॉइडसारखं, म्हणजे घडी बिघडून सहज न विरघळणाऱ्या प्रथिनासारखं. मग त्याचे बारीक बारीक गोळे रक्तात फिरत राहतात आणि प्लाझ्मिनला ते सहज कातरता येत नाहीत.

हे गोळे साध्या मायक्रोस्कोपखाली उठून दिसत नाहीत. प्लाझ्मात थायोफ्लेव्हिन टी हा रंग घालतात आणि फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहतात. अमायलॉइड घडीला हा रंग चिकटतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे चमकते ठिपके दिसतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्यांचा शोधनिबंध आला, त्यात हे गोळे फोडायला ट्रिप्सिन हे जोरदार एन्झाइम दोनदा वापरावं लागलं होतं. फोडल्यावर आत काय सापडलं? फायब्रिनोजेन, दाह वाढला की वाढणारं सीरम अमायलॉइड ए, आणि अँटिप्लाझ्मिन. हे शेवटचं प्रथिन प्लाझ्मिनलाच अडवतं. म्हणजे जाळं कातरणारी कात्री जाळ्यातच अडकलेली.

विषाणूचं स्पाइक प्रथिन निरोगी माणसाच्या प्लाझ्मात मिसळलं तरी अशा न विरघळणाऱ्या गुठळ्या तयार होतात, हेही त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. यावरून त्यांचा तर्क असा: हे गोळे केशवाहिन्यांत अडकतात, पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून थकवा आणि धाप.

म्हणजे लाँग कोविडचं कारण सापडलं म्हणायचं का?

नाही. तर्क सुंदर आहे आणि आजाऱ्याला तो पटकन पटतो, कारण आपल्या शरीराला जे वाटतंय त्याला पहिल्यांदा कुणीतरी चित्र दिलेलं असतं. पण तो अजून सिद्ध झालेला नाही, आणि मी तो सिद्ध झाल्यासारखा सांगणार नाही.

असे गोळे टाइप २ मधुमेहातही दिसतात, आणि कमी प्रमाणात निरोगी लोकांतही. किती म्हणजे जास्त, याची सर्वमान्य रेषा आखलेली नाही. अनेक रक्ततज्ज्ञांचा तर नावालाच आक्षेप आहे. त्यांच्या मते हे प्लाझ्मातले प्रथिनाचे कण आहेत, त्यांना गुठळी म्हटलं की लोक हृदयविकाराच्या झटक्यातल्या गुठळीसारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणतात.

ॲमस्टरडॅमच्या अभ्यासाने मला सर्वांत जास्त विचारात पाडलं. २०२४च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. लाँग कोविडच्या २५ आणि निरोगी २१ जणांना सायकल चालवायला लावली आणि व्यायामाच्या आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. लाँग कोविडवाल्यांच्या स्नायूत अमायलॉइडचे साठे खरंच जास्त होते, व्यायामानंतर ते आणखी वाढले. पण ते रक्तवाहिन्यांच्या आत नव्हते. केशवाहिन्या तुंबल्यात, हे चित्र तिथे दिसलं नाही. बिघाड दिसला तो स्नायूंच्या ऊर्जानिर्मितीत. म्हणजे अमायलॉइड खोटं नाही, पण नळ तुंबल्यासारखी सरळ गोष्टही ही नाही.

माझ्या प्लेटलेट्स अडीच लाख आहेत. मग प्लेटलेट्समध्ये बिघाड कसला?

आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू आठवतो. पावसाळ्यात घरचा माणूस ॲडमिट असला की सकाळ-संध्याकाळ आकड्याची वाट बघायची, दीड लाखाच्या खाली गेला की पोटात गोळा. त्यामुळे आकडा चांगला म्हणजे प्लेटलेट चांगल्या, असं मनात पक्कं बसलंय. आकडा म्हणजे फक्त हजेरी. वर्गात किती मुलं आहेत हे त्यावरून कळतं, ती काय करतायत हे कळत नाही.

प्लेटलेट ही पूर्ण पेशी नसते. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशीचा तो तुकडा, दोन-तीन मायक्रॉनचा, केंद्रक नसलेला. आयुष्य सात ते दहा दिवस. शरीर रोज साधारण दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स तयार करतं. शांत असते तेव्हा ती बशीसारखी चपटी असते. चेतवली गेली की हातपाय पसरल्यासारखे फाटे फुटतात, शेजारणीला धरते आणि पोटातल्या पोतड्या रिकाम्या करते. लाँग कोविडमध्ये काही रुग्णांच्या प्लेटलेट्स जखम नसतानाही अशा पसरलेल्या, एकमेकींना धरलेल्या दिसल्या आहेत.

झुरिकच्या गटाने जानेवारी २०२४मध्ये सायन्स या नियतकालिकात याला मोठी जोड दिली. कोविड झालेल्या ११३ जणांचा वर्षभर पाठपुरावा करून रक्तातली साडेसहा हजारांहून जास्त प्रथिनं मोजली. सहा महिन्यांनंतरही ज्यांना त्रास होता, त्यांच्यात कॉम्प्लिमेंट ही आपली जुनी संरक्षक यंत्रणा चालूच राहिलेली होती, अस्तराला इजा झाल्याच्या खुणा होत्या आणि प्लेटलेट्स मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना चिकटून फिरत होत्या. प्रतिकारशक्ती आणि गोठणं ही दोन वेगळी खाती आहेत असं कॉलेजात आम्ही वेगवेगळ्या धड्यांत शिकलो. इथे ती एकमेकांत गुंतलेली दिसतात.

आणखी एक धागा सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदू आणि आतड्यात निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेट्स वाहून नेतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये मांडलं की आतड्यात विषाणूचे अंश रेंगाळले तर दाह चालू राहतो, ज्यापासून सेरोटोनिन बनतं ते अन्नातलं ट्रिप्टोफॅन नीट शोषलं जात नाही, प्लेटलेट्स चेतवल्या जातात, आणि रक्तातलं सेरोटोनिन उतरतं. उंदरांत याचा परिणाम स्मरणशक्तीवर दिसला. मनाचा आजार आहे म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे: आतडं, प्लेटलेट आणि मेंदू हे एका ओळीत येऊ शकतात.

सीबीसीच्या रिपोर्टात एमपीव्ही म्हणून प्लेटलेटचं सरासरी आकारमान छापलेलं असतं. ते थोडं वाढलेलं पाहून घाबरू नका. रक्त काढून ट्यूब तासन्‌तास पडून राहिली तरी ते वाढतं.

रिपोर्टमध्ये प्लेटलेट ६२ हजार आल्या. लाँग कोविडमुळे का?

आधी स्लाइड पाहायला सांगा. हा आकडा उगाच घेतलेला नाही, गेल्या पावसाळ्यात एका तरुणाचा हाच होता. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, आणि घरचे ॲडमिट करायला निघालेले. मी स्लाइडच्या कडेला पाहिलं, तर जांभळट प्लेटलेट्सचे पुंजकेच्या पुंजके. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, आणि काही लोकांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटतात. मशीनला पुंजका मोजता येत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, पातळ झाल्याचा हिशोब धरला, आकडा दोन लाख दहा हजार. तो मुलगा चालत घरी गेला.

खरोखर कमी असतील तर मात्र कारण शोधायचं: डेंग्यू, मलेरिया, यकृत, औषधं, बी-१२ची कमतरता. लाँग कोविडवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नाही.

डी-डायमर वाढलं म्हणजे गुठळी आहे का? आणि नॉर्मल म्हणजे नाही का?

फायब्रिनचं जाळं कातरलं गेलं की जे तुकडे उरतात, त्यातला एक डी-डायमर. तो वाढला म्हणजे कुठेतरी गोठणं आणि विरघळणं चालू आहे. गरोदरपण, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, कर्करोग, नुसतं वाढतं वय, यातल्या कशानेही तो वाढतो. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम, पन्नाशीनंतर वय गुणिले दहा असं डॉक्टर धरतात. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजोबांना ६५० ही घाबरण्याची गोष्ट नाही.

आयर्लंडमध्ये बरे झालेल्या १५० जणांत चार महिन्यांपर्यंत साधारण चौघांत एकाचं डी-डायमर वाढलेलं होतं, दाह दाखवणारं सीआरपी खाली आलेलं असूनही. उरलेल्या तिघांचं नॉर्मल होतं, आणि लाँग कोविडच्या बहुतेक रुग्णांचं नॉर्मलच येतं. मायक्रोक्लॉटवाले याचाही अर्थ लावतात की जाळं कातरलंच जात नसेल तर तुकडे येणार कुठून? विचार पटण्यासारखा आहे, पण त्यावरून औषध ठरवता येत नाही.

युनिटकडे लक्ष द्या, हे मी हात जोडून सांगते. कोरेगावकडच्या एक शिक्षिका सात रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, चार वेगवेगळ्या लॅबचे. एका रिपोर्टवर ०.४२, दोन महिन्यांनी दुसऱ्यावर ३८०. त्यांनी ते वाचलं तसं वाचलं: नऊशेपट वाढ. त्या रात्रीपासून, स्टेंट बसवलेल्या नवऱ्याच्या डब्यातली क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, स्वतःला सुरू केली. माझ्यासमोर बसल्या तेव्हा नाकात कापसाचा बोळा, आठवड्यात तिसऱ्यांदा घोळणा फुटलेला. पहिली लॅब मायक्रोग्रॅममध्ये मोजते, दुसरी नॅनोग्रॅममध्ये. ०.४२ म्हणजे ४२०. दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा कमी होता. मी पेन्सिलीने सातही आकडे एकाच युनिटमध्ये लिहून दिले तेव्हा त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचा थकवा तेव्हाही खरा होता, आजही आहे.

शिवाय एफईयू आणि डीडीयू अशा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. डीडीयूचा आकडा साधारण निम्मा येतो. म्हणून तुलना करायची तर एकाच लॅबच्या रिपोर्टांची.

मायक्रोक्लॉटची टेस्ट कुठे होईल?

रोजच्या निदानासाठी मान्य झालेली अशी टेस्ट नाही. ही संशोधनातली पद्धत आहे. कुणी मोठी रक्कम सांगून ती विकत असेल तर आधी विचारा की आकड्यावरून पुढे उपचार काय ठरणार.

ती अवघड का, हे आमच्या कामाच्या बाजूने सांगते. गोठण्याच्या तपासणीत रक्त काढणंच निकाल बदलू शकतं. शीर सापडेना म्हणून सुई दोनदा फिरवली, पट्टा फार वेळ आवळून ठेवला, की प्लेटलेट्स चेतवल्या गेल्याच. निळ्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हवं, रेषेपर्यंत भरली नाही तर निकाल चुकतो. गावातून बाइकवर बर्फाच्या डब्यात ट्यूब आली तर प्लेटलेट्सना थंडीही चेतवते. रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ अंशांत हलत्या ठेवतात, ते यामुळेच. इतक्या नाजूक नमुन्यातले हिरवे ठिपके मोजून दोन लॅबचे आकडे जुळणं किती कठीण असेल, याचा अंदाज यावरून यावा.

शब्द आठवत नाहीत, हिशोब चुकतात. मेंदूत गुठळ्या झाल्यात का?

एमआरआयमध्ये दिसेल अशी गुठळी बहुतेकांत नसते. तरी रक्ताचा संबंध आहे, असं दाखवणारा एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये दवाखान्यात दाखल झालेल्या १८३७ कोविड रुग्णांचा पाठपुरावा झाला, निष्कर्ष ऑगस्ट २०२३मध्ये आले. दाखल असताना सीआरपीच्या मानाने फायब्रिनोजेन जास्त असलेल्यांना सहा आणि बारा महिन्यांनी स्मरण व एकाग्रतेच्या चाचण्या जड गेल्या. सीआरपीच्या मानाने डी-डायमर जास्त असलेल्यांनी स्वतःहून तक्रारी जास्त सांगितल्या, आणि कामावर परत जाणंही त्यांना कठीण गेलं. दोन वेगळ्या खुणा, दोन वेगळ्या वाटा.

सॅन फ्रान्सिस्कोत कॅटरिना अकासोग्लू यांच्या प्रयोगशाळेने २०२४ साली उंदरांत दाखवलं की स्पाइक प्रथिन फायब्रिनला चिकटतं आणि असं फायब्रिन मेंदूतला दाह वाढवतं. उंदरांवरून माणसावर उडी मारायची नाही, पण कुणी "तुमच्या डोक्यातलं खूळ आहे" म्हणालं, तर ते शास्त्राला धरून नाही, एवढं नक्की.

मग रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या तर?

ज्याच्या पायात किंवा फुफ्फुसात गुठळी सापडली, त्याने डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या घ्यायच्याच. त्यात चुकारपणा नको. प्रश्न आहे तो गुठळी न सापडलेल्या लाँग कोविडचा.

स्टेलनबॉशच्या गटाने ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲपिक्साबॅन अशी तिहेरी औषधं एकत्र देऊन ९१ रुग्णांचा अनुभव मांडला, सोबत जठरासाठी पँटोप्रॅझोल. बऱ्याच जणांनी बरं वाटल्याचं सांगितलं. पण तुलनेला औषध नसलेली गोळी घेणारा गट नव्हता, आणि लाँग कोविड चढ-उताराचा आजार आहे, काही जण आपसूकही सुधारतात. ब्रिटनच्या हील-कोविड चाचणीत दवाखान्यातून घरी सोडलेल्यांना ॲपिक्साबॅन दिलं गेलं. मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांइतकंच राहिलं, आणि काहींना गंभीर रक्तस्रावामुळे औषध थांबवावं लागलं.

तीन गोळ्या एकत्र म्हणजे गोठण्याचे तिन्ही दरवाजे अर्धे बंद. घरी बेसिनवर डोकं आपटलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि आपल्याकडे जून ते ऑक्टोबर डेंग्यू. अंगात ॲस्पिरिन आणि वरून प्लेटलेट्स तीस हजारांवर, ही जोडी जिवावर बेतते. तुम्ही अशी कुठलीही गोळी घेत असाल आणि ताप आला, तर दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य ते बोला. गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनही या गोळ्यांबरोबर मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

काळी, डांबरासारखी शी, लघवीत रक्त, हिरड्यांतून रक्त, न लागता काळे-निळे डाग, उतरत नाही अशी डोकेदुखी: थांबू नका, दाखवा.

परदेशात रक्त धुऊन मायक्रोक्लॉट काढतात म्हणे?

हे अफेरेसिस. मुळात फार वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी वापरली जाणारी पद्धत. कितीतरी रुग्ण साठवलेली पुंजी मोडून जर्मनीला, सायप्रसला गेले. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२२ साली त्यांचे अनुभव छापले, त्यात हाती काही न लागलेले आणि कर्जात बुडालेले लोक आहेत. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३च्या आढाव्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे: या उपचाराला आधार देणारा पुरावा नाही, नियंत्रित चाचणीबाहेर तो देऊ नये. शेत, दागिना, पीएफ यातलं काहीही यासाठी मोडू नका.

नाटोकायनेज, सेराशिओपेप्टिडेज, लसूण, पपईच्या पानांचा रस?

नाटोकायनेज जपानी नाटोतून, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनमधून येतं. परीक्षानळीत ते फायब्रिन फोडतं. पोटातून घेतल्यावर लाँग कोविड सुधारतो, असं दाखवणारी नीट चाचणी झालेली नाही, पण ॲस्पिरिनसोबत घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सेराशिओपेप्टिडेज आपल्याला दाढ काढल्यावर सुजेसाठी दिलेली आठवत असेल, तीही गुठळीची गोळी नव्हे. जेवणातली लसूण खुशाल खा. पपईच्या पानाचा इथे काही संबंध नाही.

कोविशील्डमुळे तर हे झालं नाही ना?

२०२४ साली या लसीच्या दुष्परिणामांवरच्या खटल्यातली ब्रिटनच्या कोर्टातली कागदपत्रं बातम्यांत आली आणि माझा फोन आठवडाभर थांबला नाही. पुण्यात बनलेली लस घेतलेले कोट्यवधी लोक आपल्याकडे आहेत, काळजी स्वाभाविक होती. त्या लसीने फार क्वचित, ब्रिटनच्या आकड्यांत साधारण लाखाला एक-दोघांत, गुठळ्या आणि प्लेटलेट्स घसरणं एकदम व्हायचं. प्लेटलेट फॅक्टर चार या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन हे घडतं, आणि डोस घेतल्यापासून साधारण पाच ते तीस दिवसांत. लाँग कोविडमध्ये प्लेटलेट्स अशा घसरत नाहीत. डोस घेऊन वर्षं उलटलेल्या माणसाने या कारणासाठी डी-डायमर करत बसू नये.

पाळीत फार रक्त जातं. यात काही वेगळं लक्षात ठेवायचं?

हो. लाँग कोविड बायकांत जास्त आढळतो, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. थकवा, धाप, धडधड ही रक्तक्षयाचीही लक्षणं आहेत. कुठल्याही भारी टेस्टआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा, कारण याला स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू झाल्यावर पाळी वाढली तर लाजू नका, सांगा. गर्भनिरोधक गोळी घेत असाल, तेही सांगा, तिने गुठळीचा धोका वाढतो.

फुफ्फुसात गुठळी झाली होती, औषध पूर्ण झालं, तरी धाप जात नाही.

"कोविडनंतरचा अशक्तपणा" म्हणून हे सोडून देऊ नका. काहींत जुनी गुठळी विरघळत नाही, घट्ट होऊन रक्तवाहिनीला चिकटून बसते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. औषध सुरू करून तीन महिने झाल्यावरही धाप असेल तर टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि व्हीक्यू स्कॅनबद्दल (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा स्कॅन) विचारा. सीटीत निसटलेलं व्हीक्यू स्कॅनमध्ये सापडू शकतं, आणि यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे.

रात्री-अपरात्री धावायचं कधी?

एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. १०८ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून न्या. सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

रिपोर्टांचा गठ्ठा नको, एक कागद पुरे. कोविड कधी झाला, दाखल होता का, ऑक्सिजन लागला का. आज काय जमत नाही, तेही मोजून: "दुसऱ्या जिन्यावर बसावं लागतं," "भांडी घासली की दुपारभर पडून राहते." श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास उसळतो का, हे आवर्जून लिहा, कारण तसं असेल तर जबरदस्तीने चालण्याचं अंतर वाढवणं नुकसानीचं ठरतं. चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा, आयुर्वेदिक चूर्ण आणि ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूलसह. घरात कुणाला कमी वयात गुठळी झाली होती का, कुणाचे वारंवार गर्भपात झाले का, हेही.

डी-डायमर केलं असेल तर आकड्यापुढे युनिट लिहा. त्या शिक्षिका आता तसंच करतात. परवा आल्या तेव्हा कागदावर तारखेखाली, लॅबच्या नावाशेजारी, आकड्यापुढे शाळेच्या वहीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नॅनोग्रॅम, एफईयू.